पोर्तुगीज पासपोर्टामागचा कायदा कुणाचा? गोव्याच्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य,
गोवा विधानसभा, पर्वरी

सप्रेम नमस्कार.

दुहेरी नागरिकत्वाचा विषय सभागृहात अधूनमधून निघतो. कुणी ठराव मांडतो, कुणी शून्य प्रहरात बोलतो, ‘केंद्राकडे पाठपुरावा करू’ असं उत्तर मिळतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. ती वाचून माणसं वकिलाकडे येतात. बारदेस-सासष्टीतलीच येतात असं नाही, आमच्या फोंड्यातली आणि डिचोलीतलीही येतात. हा प्रश्न फक्त ख्रिश्चन बांधवांचा आहे असं मानणाऱ्यांनी एकदा आमच्याकडच्या फायली पाहाव्यात. येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘आता भारतीय आणि पोर्तुगीज, दोन्ही पासपोर्ट चालणार ना?’ नाही म्हणायचं काम आमच्या वाट्याला येतं. म्हणून हे पत्र सरकारला न लिहिता आपणा चाळीसही जणांना लिहितो आहे. त्यात सत्ताधारी आणि विरोधक असा भेद करायचं कारण नाही.

लिस्बनमध्ये जन्माची नोंद करणारा गोमंतकीय एकाच वेळी तीन कायद्यांच्या हातात जातो. तो पोर्तुगीज आहे की नाही हे पोर्तुगालचा कायदा ठरवतो. पोर्तुगीज असल्यामुळे त्याला सत्तावीस देशांत काय मिळेल हे युरोपियन युनियनचा कायदा ठरवतो. आणि तो भारतीय उरला का, हे दिल्ली ठरवते. या तिघांत कोण कुणाला कुठे अडवू शकतो आणि कुठे नाही, हे त्याला कुणीच सांगत नाही. एजंट सांगणार नाही, कारण त्याचं पोट त्यावर चालतं. आपणही सांगत नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

आधी लिस्बन आणि दिल्लीचं पाहू, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे.

मुक्तीनंतर २८ मार्च १९६२ रोजी केंद्र सरकारने गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेला, किंवा ज्याचे आईवडील वा आजी-आजोबा इथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक मानला गेला. ज्याला जुनं राष्ट्रीयत्व ठेवायचं असेल त्याने महिन्याभरात तसं लिहून द्यायचं होतं. फार थोड्यांनी दिलं. भारताच्या दृष्टीने विषय तिथे मिटला.

पोर्तुगालच्या दृष्टीने मिटला नाही. ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, पण माणसांच्या राष्ट्रीयत्वाचा धागा तोडला नाही. लिस्बनचा कायदा म्हणतो, मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस जन्मानेच पोर्तुगीज आहे, फक्त त्याची नोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात व्हायची राहिली आहे. मुलं आणि नातवंडं तोच धागा धरून येतात. म्हणजे तिथल्या लेखी कुणी नवीन काही मिळवत नाही, जे होतंच ते कागदावर येतं.

दिल्लीच्या लेखी हेच ‘स्वेच्छेने परकीय नागरिकत्व मिळवणं’ ठरतं. नागरिकत्व कायदा १९५५ च्या नवव्या कलमानुसार असं केलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, त्यासाठी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. आणि नियम असे आहेत की दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणं हाच स्वेच्छेचा निर्णायक पुरावा. तो पासपोर्ट हातात असताना ‘मी तर जन्मानेच पोर्तुगीज होतो, मी काही मिळवलं नाही’ असा युक्तिवाद लिस्बनमध्ये बिनतोड आहे, इथे त्याचा काडीचा उपयोग नाही. नुसती जन्मनोंद झाली, पासपोर्ट घेतलाच नाही, तर काय? यावर वाद होतो आणि तो केंद्र सरकारपुढे जातो. आमदारांच्याच बाबतीत तो निघाला होता, ते आपण विसरला नसाल. राज्यघटनेच्या कलम १९१ प्रमाणे परकीय नागरिकत्व घेतलेला माणूस आमदार राहू शकत नाही.

दोन्ही देशांचे कायदे आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाने दुसऱ्याचं ऐकावं असं सांगणारं वर कुणीही नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याचा जुना नियम असा की आपला नागरिक कोण, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता तिसरा कायदा. इथे वर कुणीतरी आहे.

पोर्तुगाल १ जानेवारी १९८६ रोजी तेव्हाच्या युरोपियन आर्थिक समुदायात सामील झाला. त्या दिवसापासून लिस्बनने दिलेल्या राष्ट्रीयत्वाला एक जोड मिळाली, जी लिस्बनच्या एकट्याच्या हातात राहिली नाही. ती कशी, हे समजायला मिकेलेत्ती नावाच्या माणसाचा खटला वाचावा. हा जन्माने अर्जेंटिनाचा, व्यवसायाने दंतवैद्य. पूर्वज इटलीचे म्हणून त्याच्याकडे इटालियन राष्ट्रीयत्वही होतं. त्याला स्पेनमध्ये दवाखाना काढायचा होता. स्पेनचा कायदा म्हणायचा की दोन राष्ट्रीयत्वांचा माणूस आला तर तो आधी खरोखर कुठे राहत होता ते बघा. हा राहत होता अर्जेंटिनात, मग तो अर्जेंटिनाचा, इटलीच्या कागदाचं आम्हाला काय? लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाने ७ जुलै १९९२ रोजी स्पेनला सांगितलं की नागरिक कोण हे इटलीने ठरवायचं, आणि इटलीने एकदा ठरवलं की ‘तू तिथे राहिला होतास का’ असा जादा प्रश्न विचारायचा अधिकार स्पेनला नाही.

लिस्बन कधी न पाहिलेला, पोर्तुगीजचा एक शब्द न येणारा कुंकळ्ळीचा मुलगा लंडनच्या विमानतळावर पोर्तुगीज पासपोर्ट दाखवून आत जाऊ शकला, तो या तर्काच्या बळावर. इंग्रज अधिकाऱ्याला मनातून काय वाटायचं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत असेल, पण कायद्याने त्याचे हात बांधलेले होते. पोर्तुगालने त्या मुलाला इंग्लंडमध्ये पाठवलं नव्हतं आणि इंग्लंडनेही बोलावलं नव्हतं. त्याचा हक्क दोघांच्या वरच्या करारातून आला होता.

वरचा करार एका साध्या माणसाच्या खिशात हक्क कसा टाकतो? आपल्याकडे करार म्हणजे दोन सरकारांमधला कागद. युरोपातही आधी तसंच होतं. एका डच आयातदाराने तक्रार केली की जर्मनीतून आणलेल्या रसायनावर त्याच्या सरकारने तीन टक्क्यांऐवजी आठ टक्के जकात लावली, आणि युरोपीय समुदाय ज्यातून उभा राहिला त्या रोमच्या करारात तर जकात वाढवणार नाही असं वचन आहे. डच सरकार म्हणालं, वचन सरकारांनी सरकारांना दिलंय, तू कोण? लक्झेंबर्गच्या न्यायालयाने १९६३ साली सांगितलं की हा करार नागरिकांनाही थेट हक्क देतो आणि देशातल्या न्यायालयांनी ते राखायचे आहेत. पुढच्याच वर्षी मिलानच्या कोस्ता नावाच्या वकिलाचा खटला आला. त्याने १,९२५ लिराचं वीजबिल भरायला नकार दिला होता. वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण युरोपीय कराराविरुद्ध आहे, असं त्याचं म्हणणं होतं. (वीजबिलावरून इतकं मोठं तत्त्व उभं राहू शकतं, हे आपल्या वीज खात्याने ऐकू नये.) इटलीचा युक्तिवाद सरळ होता: राष्ट्रीयीकरणाचा कायदा करारानंतरचा आहे आणि नंतरचा कायदा आधीच्याला मागे सारतो. १५ जुलै १९६४ च्या निकालात लक्झेंबर्गने तो फेटाळला. सदस्य देशांनी काही विषयांतले आपले अधिकार कायमचे मर्यादित केले आहेत, त्या विषयांत नंतर केलेल्या देशी कायद्यालाही करार ओलांडता येत नाही.

तत्त्व कागदावर मोठं दिसतं. प्रत्यक्षात ते किती चावतं हे ब्रिटनला मासेमारीवरून कळलं. स्पेनच्या ट्रॉलरमालकांनी आपल्या बोटी ब्रिटिश झेंड्याखाली नोंदवून ब्रिटनच्या वाट्याचे मासे पकडायला सुरुवात केली. ब्रिटिश संसदेने १९८८ मध्ये कायदा करून बोटीच्या मालकांवर राष्ट्रीयत्वाची आणि निवासाची अट घातली. मालवणच्या, कारवारच्या आणि आपल्या ट्रॉलरांच्या हद्दीवरून इथे काय होतं ते आपण जाणता, त्यामुळे तिथल्या मच्छीमारांचा राग आपल्याला समजेल. तरीही १९९० मध्ये लंडनच्या न्यायाधीशांना त्यांच्याच संसदेचा कायदा बाजूला ठेवावा लागला. ज्या देशात संसदेच्या वर कुणी नाही असं तीनशे वर्षं शिकवलं गेलं, तिथे हे घडलं.

यावरून युरोपियन युनियन म्हणजे दिल्लीसारखं केंद्र असं मात्र कुणी समजू नये. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्यांत विषय वाटलेले आहेत, तिथेही वाटलेले आहेत. पण आपल्याकडे वाटणी करणारी घटना एकच आहे आणि शेवटचा शब्द एकाच सर्वोच्च न्यायालयाचा आहे. तिथे लक्झेंबर्ग म्हणतं शेवटचा शब्द माझा, आणि जर्मनीचं घटनात्मक न्यायालय म्हणतं की तुझा शब्द मी मानतो तो माझ्या घटनेने परवानगी दिली म्हणून, आणि परवानगीला मर्यादा आहे. १९७४ पासून ते हे वेगवेगळ्या शब्दांत म्हणत आलं आहे. ५ मे २०२० रोजी युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखेखरेदीवरून त्याने लक्झेंबर्गचा निकाल खरोखरच मानला नाही. पोलंड २०२१ मध्ये त्याहून पुढे गेला आणि न्यायाधीशांच्या शिस्तभंग व्यवस्थेवरून दिवसाला दहा लाख युरोचा दंड ओढवून घेतला. पोर्तुगालने मधला रस्ता धरला. २००४ च्या दुरुस्तीने त्यांच्या घटनेच्या आठव्या कलमात लिहिलं गेलं की युनियनचा कायदा युनियन ठरवेल तसा देशात लागू होईल, पण लोकशाही कायद्याच्या राज्याची मूलतत्त्वं राखून.

वरच्या कायद्याकडे स्वतःचे पोलीस नाहीत. त्याची अंमलबजावणी लिस्बनचा, माद्रिदचा, गावातला न्यायाधीशच करतो. तो मनापासून करतो तोवर ते चालतं. पोर्तुगीज पासपोर्टवर आयुष्याचा बेत आखणाऱ्याने हेही जाणून घ्यायला हवं.

आपल्याकडची रीत अगदी उलटी आहे, आणि ती आपण गोव्याच्याच एका खटल्यातून शिकलो. १९६२ मध्ये ज्या थोड्यांनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व ठेवलं त्यांत रेव्हरंड मोंतेरो हे धर्मगुरू होते. त्यांना तात्पुरता निवासाचा परवाना मिळाला, तो १३ नोव्हेंबर १९६४ ला संपला, त्यांनी वाढवून घेतला नाही. परकीय नागरिक कायद्याखाली खटला भरला गेला आणि तीस दिवसांची साधी कैद व पन्नास रुपये दंड झाला. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. म्हणणं असं की गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे, जिनिव्हा करार व्याप्त प्रदेशातल्या रहिवाशाला बाहेर काढू देत नाही, आणि भारताने तर १९६० मध्ये जिनिव्हा करारांचा कायदाच केला आहे. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने २६ मार्च १९६९ रोजी अपील फेटाळलं. गोवा भारतात विलीन झाल्यावर तो ‘व्यापलेला प्रदेश’ उरला नाही, हा एक भाग. दुसरा भाग वकिलांनी पाठ करावा असा आहे: तो कायदा करारभंगाबद्दल शिक्षा सांगतो, पण करार सरकारविरुद्ध बजावून घेण्याचा हक्क माणसाला देत नाही.

डच आयातदाराला जे मिळालं ते मोंतेरोंना मिळालं नाही. दोष न्यायाधीशांचा नाही, व्यवस्था वेगळी आहे. आपल्याकडे करार संसदेने कायदा केल्यावर आणि त्या कायद्यात लिहिलं असेल तेवढाच माणसाला लागू होतो.

याच रीतीची दुसरी बाजू आपण रोज जगतो. आपला विवाह आणि संपत्तीचा समान कायदा लिस्बनमध्ये १८६७ साली झालेल्या नागरी संहितेतून आला. पोर्तुगालने ती संहिता मोडीत काढून १९६६ मध्ये नवी केली. गोव्यात जुन्या संहितेतला कौटुंबिक भाग अजून जिवंत आहे, आणि वारसाहक्काचा भाग आपल्याच सभागृहाने केलेल्या, डिसेंबर २०१६ पासून लागू झालेल्या कायद्यात उतरला आहे. मग ही संहिता परदेशी कायदा आहे का? सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी जुझे पावलो कुतिन्यु यांच्या खटल्यात सांगितलं की नाही, ती भारतीय कायदा आहे. तिचं बळ लिस्बनमधून येत नाही. १९६२ च्या संसदीय कायद्याने ती चालू ठेवली, म्हणून ती चालते.

आता एक अशी अडचण सांगतो जी अजून फारशी बोलली जात नाही, पण पुढची वीस वर्षं आमच्या कोर्टांना पुरेल.

समजा, सांग्याचा एक माणूस पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन जर्मनीत स्थायिक झाला आणि तिथे वारला. त्याचं बँक खातं जर्मनीत आहे आणि वाडवडिलांचं घर सांग्याला. पोर्तुगालच्या संहितेचा जुना नियम होता की माणूस ज्या देशाचा नागरिक, त्या देशाच्या कायद्याने त्याची वारसाहक्काची वाटणी. पण १७ ऑगस्ट २०१५ पासून युनियनचा वारसाहक्क नियम लागू झाला. डेन्मार्क आणि आयर्लंड सोडून बाकी सर्व सदस्य देशांत आता माणूस शेवटी जिथे कायम राहत होता तिथला कायदा लागतो, आणि तोही साऱ्या मालमत्तेला, मग ती जगात कुठेही असो. पोर्तुगालच्या संसदेने आपल्या संहितेतलं ते कलम पुसलं नाही. वरच्या नियमाने त्याला या बाबतीत निष्प्रभ केलं.

म्हणजे जर्मन न्यायालयाच्या दृष्टीने सांग्याच्या घरालाही जर्मन कायदा. भारतीय न्यायालयं मात्र घर-जमिनीच्या बाबतीत जमीन जिथे असेल तिथला कायदा पाहतात, म्हणजे आपला गोव्याचा. आपल्याकडे लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको अर्ध्या-अर्ध्याचे मालक, आणि इच्छापत्राने आपल्या हिश्श्याचा अर्धाच भाग मनाप्रमाणे देता येतो. जर्मनीत हे हिशेब वेगळे. एका मृत्यूचे दोन निवाडे होऊ शकतात आणि दोन भावांकडे दोन देशांचे कागद असू शकतात.

युनियनच्या त्या वारसाहक्क नियमात एक सोय ठेवलेली आहे. माणूस इच्छापत्रात लिहून आपल्या राष्ट्रीयत्वाच्या देशाचा कायदा निवडू शकतो. आता गंमत बघा. भारतीय पासपोर्टवर युरोपात राहणारा गोमंतकीय भारताचा कायदा निवडू शकतो आणि त्यातून गोव्याच्या कायद्यापर्यंत पोचू शकतो. ज्याने पोर्तुगीज राष्ट्रीयत्व घेतलं आणि भारतीय गमावलं, त्याला हा रस्ता बंद. तो पोर्तुगालचा कायदा निवडू शकतो, पण तो आजचा पोर्तुगीज कायदा. त्यात लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर सगळी मालमत्ता अर्धी होत नाही, लग्नानंतर कमावलेलीच सामाईक होते, आणि १९७७ नंतर जोडीदार स्वतःच वारसही आहे. पोर्तुगीज संहितेचा अभिमान बाळगणाऱ्या गोव्यातल्या माणसाला ती संहिता पोर्तुगीज झाल्यामुळेच सोडावी लागते.

इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात स्थायिक झालेल्या आपल्या माणसांना वरचा कायदा निघून गेल्यावर काय होतं तेही कळलं. २०१६ च्या जनमतानंतर ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलं आणि त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी मुक्त संचार थांबला. पोर्तुगीज पासपोर्ट तोच होता, ज्या करारामुळे त्याला लंडनमध्ये अर्थ होता तो करार तिथे उरला नाही. आधी पोचलेल्यांना माघारीच्या कराराने संरक्षण मिळालं, पण अर्ज करायचा होता, ३० जून २०२१ पर्यंत. पहिल्या पाच वर्षांत फक्त तात्पुरता दर्जा. तो मुदतीत बदलला नाही तर निवासाचा हक्कच संपेल, असं ब्रिटिश गृहखात्याने ठरवलं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं, कारण माघारीचा करार नागरिकाला थेट हक्क देतो आणि देशी नियम त्याला कापू शकत नाही. बाहेर पडलेल्या देशातही साठ वर्षांपूर्वीचा तो तर्क असा शिल्लक आहे.

पुढचा वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे, तेही सांगायला हवं. २९ एप्रिल २०२५ रोजी लक्झेंबर्गने माल्टाची पैसे घेऊन नागरिकत्व देण्याची योजना बेकायदा ठरवली. नागरिक कोण हे देशाने ठरवायचं, हे खरं, पण युनियनचं नागरिकत्व बाजारात मांडता येणार नाही. गोव्याचं प्रकरण विक्रीचं नाही, वंशाचं आहे, त्यामुळे हा निकाल आपल्याला थेट लागत नाही असं माझं मत आहे. पण त्याच्या महिनाभर आधी, २८ मार्च २०२५ ला, इटलीने अध्यादेश काढून परदेशात जन्मलेल्यांना वंशाने मिळणारं राष्ट्रीयत्व साधारणपणे दोन पिढ्यांपुरतं आखडलं. ज्या मिकेलेत्तीच्या तर्कावर आपली मुलं इंग्लंडमध्ये गेली, त्याच्याच देशाने दार अर्धं लोटलं. हे करायला इटलीला कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही, कारण दार कुणाला उघडायचं हा विषय अजून मुख्यतः देशाचाच आहे. उद्या लिस्बनने हेच केलं तर पणजीतून कुणाला पत्र लिहिणार?

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. नागरिकत्व हा केंद्राच्या सूचीतला सतरावा विषय आहे. करार चौदावा. करार अमलात आणण्यासाठी संसद कलम २५३ खाली आपल्या राज्यसूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते. म्हणजे दुहेरी नागरिकत्वावर विधानसभेचा ठराव ही विनंती आहे, त्याहून जास्त काही नाही. विनंती करायला हरकत नाही, पण ती करताना लोकांना तसं सांगा.

जे आपल्या हातात आहे त्यात मात्र काहीच झालेलं नाही. जुन्या जन्मनोंदींचे उतारे राज्याच्या निबंधकांकडून आणि पुराभिलेखातून निघतात. लिस्बनच्या वाटेवरचा पहिला कागद राज्य सरकारच्या शिक्क्याचा असतो. त्या खिडकीवरच कोकणी, मराठी आणि इंग्रजीत एक पान मिळालं पाहिजे. ही नोंद पुढे नेऊन पासपोर्ट घेतलात तर भारतीय नागरिकत्व संपेल. भारतीय पासपोर्ट वापरत राहणं गुन्हा ठरू शकतो. मतदान आणि निवडणूक संपेल. ओसीआय कार्डाने (परकीय नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते कार्ड) राहता येतं, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. एवढं त्या पानावर असलं तरी एजंटाचा निम्मा धंदा प्रामाणिक होईल.

दुसरं, इच्छापत्रांचं. आपला वारसाहक्क कायदा सार्वजनिक इच्छापत्र विशेष नोटरीपुढे करायला सांगतो, आणि ते नोटरी राज्य सरकारच्या नोंदणी खात्यातलेच. इच्छापत्र करणारा कुठे राहतो, कुठल्या देशाचा नागरिक आहे, आणि युरोपात राहत असेल तर कुठला कायदा निवडतो, हे तीन प्रश्न विचारण्याची सूचना खात्याला एका परिपत्रकाने देता येते. कायदा बदलावा लागत नाही, दिल्लीला जावं लागत नाही.

आगामी अधिवेशनात कुणीतरी तारांकित प्रश्न विचारावा: गेल्या दहा वर्षांत परदेशी वापरासाठी किती जन्मउतारे दिले गेले, आणि त्यांपैकी किती जणांना परिणामांची लेखी माहिती दिली गेली? पहिला आकडा खात्याला मोजून काढावा लागेल. दुसऱ्याचं उत्तर मंत्र्यांना लगेच देता येईल. परिपत्रकाचा आणि त्या एका पानाचा मसुदा मी सोबत जोडला आहे. कायदा खात्याने तपासावा, खोडावा, हवा तसा बदलावा. त्यावर माझं नाव नसलं तरी चालेल.

आपला,
फोंड्यातील एक वकील